आधी खोल्या मोजा, मग वेरूळचं कौतुक करा

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, मी छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो आणि आमच्या राष्ट्रीय संघटनेच्या शाखेचा सचिव आहे. आमच्या विषयाच्या जागतिक संघटनेची परिषद दर चार वर्षांनी भरते. सहा दिवस चालते, साडेसातशेच्या आसपास माणसं येतात. चार वर्षांनंतरच्या परिषदेसाठी यजमान शहरांचे प्रस्ताव मागवले आहेत, मुदत पाच महिन्यांची आहे. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, अभ्यासणाऱ्यांना आमच्यापेक्षा चांगलं गाव कुठलं? वेरूळ-अजिंठा बेसाल्टमध्येच कोरलेत, लोणार हाकेच्या अंतरावर आहे. मी २२ पानांचा प्रस्ताव लिहिला, सोबत जोडतो. पण आमच्याच दिल्लीच्या पदाधिकाऱ्यांनी ‘तिथे कोण येणार?’ म्हणून हसण्यावारी नेलं. पुढे कसं जावं? (नाव छापू नये.)

उत्तर : सर, प्रस्ताव दोनदा वाचला. २२ पानांतली १४ पानं गावावर आहेत. देवगिरीचे यादव, मलिक अंबरच्या नहरी, पाणचक्की, पैठणी, हिमरू, नान खलिया (मटणाचा रस्सा आणि नान), सगळं आलंय. नान खलियाचा परिच्छेद वाचून मला भूक लागली, हे कबूल. राहण्याच्या सोयीबद्दल मात्र एकविसाव्या पानावर एकच ओळ आहे : ‘शहरात सर्व दर्जाची हॉटेले मुबलक उपलब्ध आहेत.’ ती ओळ वाचून दिल्लीवाले हसले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही.

प्रस्ताव वाचणारी माणसं पाच-सहा असतात, पाच-सहा देशांत असतात आणि त्यांच्यासमोर एक्सेलचा तक्ता असतो. एका आडव्या ओळीत एक शहर. खोल्या किती, मोठा हॉल किती माणसांचा, छोटे हॉल किती, विमानतळ किती लांब, शुल्क किती, व्हिसाचं काय, तोटा आला तर कोण भरणार. ‘मुबलक’ हा शब्द त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिथे आकडा लागतो, आणि तो नसेल तर समोरचा माणूस शून्य धरतो.

मी पुण्यात २७ वर्षं परिषदा भरवण्याचा धंदा केला. त्यात आंतरराष्ट्रीय यजमानपदाचे प्रस्ताव पाच लिहिले, दोन मिळाले. हरलेल्यातला एक सांगते. वैद्यकीय शाखेची परिषद होती. शेवटच्या दोन शहरांत पुणं आलं आणि पाहणीला (धंद्यात याला ‘साइट इन्स्पेक्शन’ म्हणतात) फिनलंडच्या एक बाई आल्या. हॉटेलने दारात तुतारी लावली होती, आम्ही फेटा बांधला. बाई छान हसल्या, फोटो काढून घेतला आणि फेटा तसाच ठेवून लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात घड्याळ. हॉल चौथ्या मजल्यावर, लिफ्ट तीन, एकीत बारा माणसं. वर जाऊन खाली यायला एक मिनिट पन्नास सेकंद. तीनदा मोजलं त्यांनी. मग वहीत गुणाकार केला आणि वही माझ्यापुढे धरली : सहाशे माणसं वर जायला ३१ मिनिटं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत चहाची सुट्टी वीस मिनिटांची होती. जिना कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जिना होता, पण त्याच्या तोंडाशी हॉटेलने जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. परिषद दुसऱ्या शहराला गेली. चौदा महिने मी त्या प्रस्तावावर राबले होते आणि त्या लिफ्टमधून रोज वरखाली करत होते.

म्हणून तुम्हीही आता लिहिणं थांबवा आणि मोटारसायकल काढा. साडेसातशे माणसांत समजा साडेतीनशे परदेशी. ती माणसं खोलीत एकटी राहतात. उरलेली चारशे आपली, दोघांत एक खोली. म्हणजे ५५० खोल्या, सहा रात्री. एका छपराखाली एवढ्या खोल्या तुमच्या गावात नाहीत. सहा-सात हॉटेलं धरावी लागतील आणि त्यांच्यामध्ये बस फिरवावी लागेल. प्रत्येक हॉटेलच्या सेल्स मॅनेजरला स्वतः भेटा. त्यांच्याकडे एकूण खोल्या किती हे विचारू नका, ‘सलग सहा रात्री लेखी किती देता’ हे विचारा. दोन्ही आकड्यांत बराच फरक पडतो. पत्रावर दर, नाश्ता धरून की सोडून, कर धरून की सोडून, आणि खोल्या कुठल्या तारखेपर्यंत राखून ठेवणार, हे सगळं हवं.

ती शेवटची तारीख विसरलात तर काय होतं ते ऐका. २०११ च्या नोव्हेंबरात माझ्या एका परिषदेसाठी पुण्यातल्या एका हॉटेलने १२० खोल्या ‘टेंटेटिव्ह होल्ड’ वर ठेवल्या होत्या. होल्डची मुदत संपली, मी दुसऱ्या गडबडीत होते, पत्र गेलं नाही. हॉटेलने त्या खोल्या एका लग्नाला देऊन टाकल्या. मला कळलं ते परिषदेच्या नऊ दिवस आधी. आदल्या संध्याकाळी हॉटेलात पोचले तर पोर्चमध्ये वरातीचा घोडा, बँडवाले, आणि घोड्याच्या मागे माझे ब्राझीलचे दोन प्राध्यापक, हातात सुटकेस घेऊन, भारी खुशीत. त्यांना वाटलं हे स्वागत त्यांचंच आहे. मी ते तसंच राहू दिलं आणि टॅक्सीत बसवून दोघांना खडकीजवळच्या एका गेस्ट हाउसवर पाठवलं.

तेव्हापासून मी तारखा ठरवायच्या आधी पंचांग उघडते. हसू नका. आपल्याकडे हॉटेलचा दर लग्नाच्या मुहूर्तांवर ठरतो. तुम्ही नोव्हेंबरचा शेवट धरला आहे, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची नेमकी गर्दी. पौषात लग्नं होत नाहीत. पौष दरवर्षी थोडा पुढेमागे होतो, पण त्याचा बराचसा भाग बहुधा जानेवारीत येतो. तेव्हा हॉटेलवाला तुमच्याशी प्रेमाने बोलतो. नाताळ-नववर्षाची पर्यटकांची रीघ ओसरली की जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा तुमच्या कामाचा. हवाही लोणारला उन्हात उभं राहण्यासारखी असते. खोट एकच : त्या दिवसांत दिल्लीला धुकं असतं, सकाळची विमानं रखडतात. तेव्हा परदेशी पाहुण्यांचा मार्ग मुंबई किंवा हैदराबादवरून दाखवा. मुंबईहून वंदे भारत आहे, तिचाही उल्लेख करा. रेल्वेने प्रवास करायला युरोपातली माणसं आनंदाने तयार होतात.

तारखांबरोबर वारही बघा. तुमच्या कार्यक्रमात अजिंठ्याची सहल सोमवारी आहे आणि वेरूळची मंगळवारी. सर, अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे! गावातल्याच माणसाच्या प्रस्तावात ही चूक दिसली की वाचणारा बाकीच्या सगळ्या पानांवर संशय घेतो.

शहराच्या नावाचंही असंच. प्रस्तावात सगळीकडे छत्रपती संभाजीनगर लिहा, तेच अधिकृत नाव. पण पहिल्या पानावर एकदा जुनं नाव आणि विमानतळाचा ‘आयएक्सयू’ हा कोड जरूर द्या. परदेशातला माणूस तिकीट काढताना जुन्या नावाने शोधतो आणि जुन्या नावाचं दुसरं गाव बिहारमध्ये आहे.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तुमच्या गावात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे पेपरात छापून येतं, आणि पेपर इंटरनेटवर असतो. समितीतला कुणीतरी नक्की वाचतो. आपणच सांगून टाकावं : हॉटेलांचा साठा इतका, टँकरची सोय अशी, पिण्याचं पाणी आम्ही असं पुरवणार. लपवलेल्या गोष्टीवर समिती अडते. सांगितलेल्या गोष्टीवर ती फक्त दोन प्रश्न विचारते.

आता लोणार, तुमचं सगळ्यात भक्कम पान. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघातातून झालेलं, पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं विवर. जगात असं सहज जाऊन बघता येणारं दुसरं विवर दाखवणं कठीण, हे तुम्ही चांगलं मांडलंय. पण ‘हाकेच्या अंतरावर’ खोडा. दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत जायला किती वेळ लागतो आणि तिथून पुढे किती, ते स्वतः बसने जाऊन मोजा. कारने नको, बसने. लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. म्हणजे वन खात्याची परवानगी लागणार, आणि तुमच्या पाहुण्यांचे हातोडे बसमध्येच राहणार. नमुने उचलता येणार नाहीत, हे पहिल्या परिपत्रकातच कळवा. आणखी एक, जे भूशास्त्राच्या परिषदेत हमखास निघतं : ही मंडळी रानावनात हिंडणारी, त्यांच्या सॅकमध्ये सॅटेलाइट फोन नाहीतर गार्मिनचं इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) असतं. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात आणणं बेकायदा आहे. विमानतळावर परदेशी पाहुणे यावरून अडकलेले आहेत. मोठ्या अक्षरात लिहा.

व्हिसाचं पान तुम्ही जोडलेलंच नाही. परिषदेला येणाऱ्याला कॉन्फरन्स व्हिसा घ्यावा लागतो, पर्यटक व्हिसावर येऊन पेपर वाचता येत नाही. त्याआधी आयोजकांनी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची मंजुरी मिळवायची असते. पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी वेगळी सुरक्षा-मंजुरी. विज्ञानाच्या जागतिक संघटना बहुधा आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेशी जोडलेल्या असतात आणि कुणालाही देशावरून अडवू नये हे तत्त्व त्या गंभीरपणे घेतात. ‘सर्वांचे स्वागत आहे’ एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. अर्ज कधी करणार, कोण करणार, पाठपुरावा दिल्लीत कोण करणार? ज्या पदाधिकाऱ्यांवर तुम्ही रागावला आहात, त्यांचाच इथे उपयोग आहे.

पैशाचं पान मी सगळ्यात शेवटी वाचते, कारण तिथे माझा मूड जातो. तुम्ही साडेसातशे माणसं धरून जमाखर्च मांडलाय आणि नऊ लाख शिल्लक दाखवली आहे. उलटं करून बघा. समजा हॉल, मांडव, बस, छपाई, आवाज-प्रकाश, प्रमुख वक्त्यांचा प्रवास असा न टळणारा खर्च ६० लाख. माणशी जेवणखाण, पिशवी, सहल मिळून ९ हजार. शुल्क सरासरी २२ हजार, जीएसटी सोडून. म्हणजे एका माणसामागे १३ हजार हातात राहतात आणि ६० लाख फेडायला ४६२ माणसं लागतात. चारशेच आली तर? ८ लाखांचा खड्डा. तो कोण भरणार? तुमची शाखा? तिच्या खात्यात किती आहेत? राष्ट्रीय संघटना भरणार असेल तर तसं अध्यक्षांच्या सहीचं पत्र जोडा. मी पाहिलेल्या प्रत्येक समितीने हे पत्र मागितलं आहे. जागतिक संघटना सुरुवातीला थोडी उचल देते, पण ती परत करायची असते. शिवाय प्रतिनिधी शुल्क वेगळं आणि परदेशातून आलेली देणगी वेगळी. देणगी घ्यायची तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. सीएला आधी विचारा, नंतर नको.

आणि रद्द झाली तर काय, हेही लिहा. तुमच्याच विषयातलं उदाहरण आहे. आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद १९६४ मध्ये दिल्लीला झाली होती. ती पुन्हा भारतात आणायचा मान २०१२ मध्ये ब्रिस्बेनला मिळाला, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका यांना सोबत घेऊन. आठ वर्षं तयारी. तारीख कुठली? मार्च २०२०. पुढे ढकलत ढकलत शेवटी मार्च २०२२ मध्ये ऑनलाइन उरकावी लागली. त्या आयोजकांचं काहीही चुकलं नव्हतं. हॉलच्या करारात, हॉटेलच्या करारात अशा वेळी भरलेल्या रकमेचं काय होणार हे एका वाक्यात तरी असायला हवं, आणि ते वाक्य वकिलाने लिहिलेलं हवं.

आता माझं मत, जे तुम्हाला आवडणार नाही. मुख्य परिषद या खेपेला तुमच्या गावासाठी मागू नका.

हैदराबादचं बघा. २०१० ची गणितज्ञांची जागतिक परिषद, भारतातली पहिली, तिथे झाली. आयोजन समितीचे अध्यक्ष होते एम. एस. रघुनाथन, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. त्यांनी ती स्वतःच्या मुंबईला नेली नाही. हैदराबादला २००६ मध्ये मोठं परिषद केंद्र उभं राहिलं होतं, शेजारी हॉटेल, बसचा प्रश्न बराचसा मिटलेला. २०१७ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांची जागतिक परिषदही तिथेच गेली. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलंय आणि बेसाल्टवाल्यांना तिथे बोलावणं म्हणजे शाकाहारी माणसाचं केळवण मटणाच्या खानावळीत करण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण सहा दिवसांच्या परिषदेत माणूस पाच दिवस गालिच्यावर असतो, खडकावर एकच दिवस.

तो एक दिवस तुम्ही मागा, आणि त्याचे चार करा. मुख्य परिषदेला जोडून, आधी किंवा नंतर, दीडशे माणसांची उपपरिषद तुमच्या गावात : दोन दिवस विद्यापीठात चर्चा, एक दिवस वेरूळ आणि देवगिरीचे कातळ, एक दिवस लोणार. दीडशे माणसं दोन हॉटेलांत मावतात. नाट्यगृहाची गरज नाही. आत्ता तुम्ही संत एकनाथ रंगमंदिर धरलंय. ते नाटकासाठी उत्तम, पण एकाच वेळी पाच ठिकाणी पेपर वाचायचे तर तिथे काय करणार? एवढ्या आकाराचं काम तुमच्या गावाने केलेलंही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची पहिली बैठक तुमच्याकडेच झाली. तेव्हा सरकार पाठीशी होतं हे खरं, पण त्या वेळी ज्या हॉटेलांनी, बसवाल्यांनी, जेवणवाल्यांनी काम केलं ते गावातच आहेत. त्यांच्याकडून अनुभवाचं पत्र घ्या, ते तुमच्या १४ पानांपेक्षा जास्त वजनाचं ठरेल.

दिल्लीवाल्यांना हेच सांगा : मुख्य प्रस्ताव तुमचा, क्षेत्रभेट आणि उपपरिषद आमची. मला वाटतं ते हसणार नाहीत. आणि नान खलियाचा परिच्छेद ठेवा, फक्त शाकाहारी पाहुण्यांचं काय ते खाली लिहा.

प्रश्न : आमच्या फिजिओथेरपीच्या संघटनेचा प्रस्ताव शेवटच्या तीनांत आला आहे. आता परदेशात सर्वसाधारण सभेपुढे दहा मिनिटांचं सादरीकरण करायचंय, लगेच मतदान. अध्यक्षांना ड्रोनने काढलेली फिल्म आणि शेवटी ढोल-ताशा हवाय. मला बोलायचंय. काय करू? (नागपूर)

उत्तर : ढोल-ताशा नको. बंद हॉलमध्ये दहा मिनिटांत तीन मिनिटं ताशा वाजला तर उरलेली सात मिनिटं कुणाला ऐकू येत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर एकदा बंद खोलीत करून बघा.

फिल्म नव्वद सेकंदांची चालेल, पण तिच्यात गाव दाखवण्याऐवजी वाट दाखवा : विमानातून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत, आणि खोलीपासून हॉलपर्यंत. एखादी सभासद व्हीलचेअरवरून ती वाट करताना दिसली तर तुमच्या धंद्यातल्या लोकांना ते लगेच कळेल. रॅम्प कुठे संपतो तेही दिसेल, म्हणून चित्रीकरणाआधी रॅम्प तपासा.

त्याआधी संघटनेची घटना काढून मतदानाचा नियम वाचा. काही ठिकाणी एका देशाला एक मत असतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघात, देशांचे गट असतात आणि गटानुसार एक ते पाच मतं. तुमच्याकडे एक देश एक मत असेल तर जपानइतकंच वजन फिजीचं. छोट्या देशांतून किती जणांना शुल्कात सवलत देणार, हा आकडा पहिल्या दोन मिनिटांत सांगा. मी एकदा आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांना मान्यवरांची नावं घेण्यात अडीच मिनिटं घालवताना पाहिलंय. घंटा वाजली तेव्हा ते शुल्काच्या पानावर पोचले होते.

बोलायला कोण? तुम्हीच. आणि सोबत पस्तिशीच्या आतली एक मुलगी किंवा मुलगा घ्या, कारण चार वर्षांनी धावपळ तीच करणार. प्रश्नोत्तरांत बायकांच्या सुरक्षिततेबद्दल विचारतील. चिडू नका, आपला देश असा नाहीच असं भाषणही नको. रात्री किती वाजेपर्यंत बस, प्रत्येक हॉटेलात आपला कोण माणूस, कुठल्या नंबरवर फोन, एवढं सांगा. नागपूरच्या उन्हाबद्दलही विचारतील. तुमच्या तारखा डिसेंबरच्या आहेत ना? मग संत्र्यांचा हंगाम सांगा आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा आठवडा वगळल्याचंही सांगा. वगळला नसेल तर आजच वगळा, त्या दिवसांत तुम्हाला नागपुरात खोली मिळणार नाही.

लोकांच्या लक्षात काय राहतं म्हणाल तर एखादी संध्याकाळ. हैदराबादच्या गणित परिषदेत विश्वनाथन आनंद एकाच वेळी चाळीस जणांशी बुद्धिबळ खेळला. पंधरा वर्षं होऊन गेली, अजून त्या परिषदेची गोष्ट निघाली की हेच निघतं. तुम्हाला आनंद मिळायचा नाही, पण तुमच्या धंद्याला शोभेल असं काहीतरी शोधा. अंबाझरीला सकाळी सहाला पाचशे फिजिओथेरपिस्ट एकत्र चालताना मला तर बघायला आवडतील.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पीसीओ नेमावा असं सगळे सांगतात. आम्ही तीसेक स्वयंसेवक आहोत, गरज आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी बाकीच्या वाचकांसाठी : पीसीओ म्हणजे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नव्हे. परिषद भरवून देणारी व्यावसायिक संस्था. मी तेच होते.

तीनशेपर्यंत माणसं आणि बहुतेक सगळी देशातली असतील तर तीस स्वयंसेवक पुरतात. त्यातले परिषदेच्या दिवशी अठराच येतात, हे धरून चाला. परदेशी शुल्क, परकीय चलन, हॉटेलांचे करार, शेकडो पेपरांची छाननी एवढं आलं की व्यावसायिक माणूस लागतो, नाहीतर तुमचे सचिव घरी भांडणं ओढवून घेतात. नेमायचा तर प्रस्ताव लिहायच्या आधी नेमा, यजमानपद मिळाल्यावर नको. तीन जणांना बोलवा, तिघांनाही एकच कोरा तक्ता भरायला द्या. मागच्या दोन परिषदांच्या सचिवांचे फोन नंबर मागा आणि खरोखर फोन करा.

आणि पहिल्याच भेटीत विचारा : तुमच्या फीशिवाय हॉटेलकडून खोलीमागे तुम्हाला काय मिळतं? मला हा प्रश्न २७ वर्षांत चौघांनी विचारला. चारही वेळा मला राग आला, आणि चारही वेळा उत्तर खरं दिलं : दहा टक्के.